थांब, बाळाला काजळ घालू दे

कावळ्याचे पंख आम्ही छत्रीच्या कापडाचे केले होते. शाळेच्या कपाटावर तीन मोडक्या छत्र्या कधीपासून पडून होत्या. काड्या गंजलेल्या, दांडे निखळलेले, पण कापड अजून काळंभोर. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी एका दुपारी भांडी घासून झाल्यावर ते उसवलं, त्याच्या पाकळ्या सुट्या केल्या आणि एका जुन्या शर्टाच्या बाह्यांवर शिवून दिल्या. चौथीतल्या ज्या मुलाला कावळा व्हायचं होतं त्यानं तो शर्ट अंगात घातला, हात पसरले, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "म्याडम, ह्याच्यातून तर पाणीच जायचं नाही. मंग कावळा भिजंल कसा?"

म्हणून आम्ही त्या पंखांना भोकं पाडली.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोनच शिक्षक, मी आणि आमचे सर. पटावर तेव्हा 27 मुलं होती. दिवाळी सरली की आमच्या गावाचा आवाज बदलतो. ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात, त्यांत भांडी, गोधड्या, सरपण, कोंबड्या, एखादी शेळी चढते आणि नवराबायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात. अशा एका जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती अंगमेहनतीनं फेडायची असते. कुणी सांगलीकडे जातं, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावात बहुतेक म्हातारी माणसं उरतात. घरी आजी-आजोबा असतील तर मुलं हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मागे थांबतात. आमच्याकडे त्याला वेगळी इमारत नाही. मुलं जेवतात शाळेत आणि झोपतात आजीजवळ. घरी कुणीच नसेल तर मुलं आईबापांबरोबर फडावर जातात आणि हजेरीपटावरच्या त्यांच्या ओळी मोकळ्या राहतात.

स्नेहसंमेलन येतं फेब्रुवारीत. नाटक बसवायचं ते या महिन्यांत, उरलेल्या मुलांना घेऊन, आणि बघायला येणार ते त्यांचे आजी-आजोबा.

त्याआधीची सहा वर्षं मी दर स्नेहसंमेलनाला एक नाटक बसवलं होतं. ती सगळी मीच लिहिली होती. झाडे लावा, हात धुवा, पाणी जपून वापरा. विषय चांगलेच होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रीत दर वर्षी एकच. वाचन चांगलं असणारी पाच-सहा मुलं निवडायची, संवाद वहीत उतरवून द्यायचे, पाठ करून घ्यायचे. स्टेजवर स्टँडचा एक माईक. ज्याचं वाक्य असेल तो पुढे येणार, माईकला तोंड लावून बोलणार, मागे सरणार. तोवर बाकीच्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. मी पडद्याआड वही घेऊन उभी, कुणी जरा अडखळलं की पुढचा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडायचा.

एकदा सुट्टीत मी मोबाईलवरचे ते जुने व्हिडिओ लावून बसले होते. एका नाटकात तिसरीतली एक मुलगी मध्येच थांबते. तिनं वर पाहिलं, ओठ उघडले. तिला आठवत आलं होतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं आहे. आणि तेवढ्यात पडद्यामागून माझा आवाज येतो. तिचं वाक्य मी तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं. तो तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. एका श्वासाचा प्रश्न होता. तेवढंही मला थांबता आलं नव्हतं.

त्या वर्षी मी संहिता लिहिलीच नाही. डिसेंबर निम्मा झाला तरी वही कोरी होती. मग एक दिवस दुपारच्या जेवणाला मुलं ओळीनं बसली असताना मला नाटक सापडलं. तिसरीतली एक मुलगी पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना गोष्ट सांगत होती. आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेली, चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, कावळा चिमणीच्या दारात आला. चिऊताई चिऊताई, दार उघड. "थांब," ती मुलगी म्हणाली, आणि थांबली. खिचडीचा एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला, पाणी प्यायली. समोरची चार पोरं हातातला घास तोंडापाशी धरून तिच्याकडे बघत बसलेली. मग ती म्हणाली, "बाळाला न्हाऊ घालू दे."

पुढच्या 'थांब'ला तिनं डाव्या हातानं वेणीचं रिबीन सोडून परत बांधलं. मी खिचडीचं पातेलं तसंच सोडून ऐकत उभी राहिले.

ही गोष्ट फार जुनी आहे. बी. ए.ला मराठी घेतलं होतं तेव्हा वर्गात कळलं होतं की तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'तही ती आहे. चक्रधरस्वामी ती सांगतात. तिथे चिमणीच्या जागी साळै आहे, पण घरं हीच, एक शेणाचं आणि एक मेणाचं. ज्या गोदावरीच्या खोऱ्यात ते हिंडले तिथेच आमचा जिल्हा आहे. इतकी शतकं ही गोष्ट कुणी मुलांना लिहून दिली नाही आणि पाठ करून घेतली नाही. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ती आपली चालत आली. मग मी कशाला लिहून देऊ?

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात तालीम सुरू झाली. साडेतीननंतर तिथे उन्हाचा एक पट्टा यायचा, थंडीत मुलं त्यातच बसायची. खडूनं फरशीवर एक चौकोन आखला, ते चिमणीचं घर. चौकोनाची एक बाजू मोकळी सोडली, ते दार. खिचडी खाता खाता गोष्ट सांगणारी चिमणी झाली. मुलांची नावं मी इथे लिहीत नाही. तशीही त्या दोन महिन्यांत गावात सगळे त्यांना चिमणी आणि कावळाच म्हणत होते.

पहिल्या दिवशी दोघांनी सगळं नाटक दोन मिनिटांत संपवलं. दार उघड, थांब न्हाऊ घालते, दार उघड, थांब काजळ घालते, दार उघड, थांब टोपडं घालते, ये आत. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. जेवताना एवढी सुंदर थांबणारी मुलगी 'नाटक' म्हटल्यावर थांबायचं विसरली होती. हे आमच्याकडूनच शिकलेलं. मी आधी सुचवलं, मनात पाच आकडे मोजा. मग दोघांचे ओठ हलताना दिसायला लागले आणि डोळ्यांतली गोष्ट पुसली गेली. ती माझी चूक होती. आकडे मोजणारं माणूस कुणाची वाट बघत नसतं.

मग मी तिला विचारलं, "तुमच्याकडं बाळाला न्हाऊ कसं घालतात?" तिच्या घरी तेव्हा चुलतीचं तान्हं बाळ होतं. ती काही बोलली नाही, खाली बसली आणि पाय लांब केले. आजीच्या लुगड्याच्या चिंध्यांची एक बाहुली आम्ही केली होती. तिला तिनं नडग्यांवर पालथं घेतलं. आधी तेल. मग हाताच्या ओंजळीनं पाणी, आधी स्वतःच्या मनगटावर, ऊन किती आहे ते बघायला. मग पाठ, मानेच्या वळ्या, काखा. मग उताणं केलं, तेव्हा बाहुलीची मान लटकली आणि पहिलीतलं एक पोरगं ओरडलं, "अगं मान धर!" तिनं मान धरली. पुसलं, ओव्याची धुरी दिली, गुंडाळलं. आमचे सर दारात उभे होते. त्यांनी नंतर सांगितलं की या एका आंघोळीला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत व्हरांड्यातलं एकही मूल हललं नव्हतं.

प्रश्न राहिला कावळ्याचा. आत इतकं काम चाललेलं, आणि तो बाहेर रिकामा. पहिल्या दिवशी तो गुडघ्यावरची खपली काढत उभा राहिला. अधूनमधून माझ्याकडे बघून हळूच विचारायचा, "आता म्हणू?" मी म्हणायची, "मला काय विचारतोस? दाराकडं बघ."

दोन-तीन दिवस असंच चाललं. मग मी विचारलं, पावसात बाहेर थांबायची वेळ कुणाकुणावर आली आहे? बरेच हात वर झाले. त्याचाही. तो दुसरीत असताना एक हंगाम आईबापांबरोबर गेला होता. तिथे कोपीत राहतात. बांबूच्या कामट्या, त्यांवर उसाचं पाचट, वरून प्लास्टिकचा कागद, आत वाकून शिरायचं. एका रात्री अवकाळी पाऊस आला, कागद उडाला, पाचट भिजून खाली बसलं. आई भांडी आणि पीठ सांभाळत होती, बाप बैल सोडत होता. त्याला सांगितलं होतं, इथंच थांब, हलू नको. मग तू काय केलंस? तो उकिडवा बसला, गुडघे छातीशी घेतले, दोन्ही हात डोक्यावर आणले. "पोत्याची खोळ होती," म्हणाला. आता खोळ नव्हती, छत्रीचे पंख होते. ते त्यानं डोक्यावर ओढून घेतले. भोकांतून त्याचं कपाळ दिसत होतं.

आम्ही तेच ठेवलं. पुढच्या तालमीत त्यानं "आता म्हणू?" विचारलं नाही. आत चिमणीनं बाळाला गुंडाळलं, तिची पाठ सैल झाली. ते त्याला दाराच्या फटीतून दिसल्यासारखं झालं आणि तो उठून म्हणाला, "चिऊताई, दार उघड." ते दार म्हणजे खडूची एक न काढलेली रेघ होती.

मी डी. एड. करत असताना पुण्यात एका नातेवाइकांकडे राहिले होते तेव्हा ग्रिप्सचं एक नाटक पाहिलं होतं. ही बर्लिनची चळवळ डॉ. मोहन आगाशे यांनी 1986 साली मराठीत आणली. तिच्यात लहान मुलांची कामं मोठी माणसं करतात. मी जरा साशंक होऊनच बसले होते, वाटलं होतं आता ही मोठी माणसं बोबडं बोलणार. तसं काही झालं नाही. फ्रॉक घातलेली एक बाई जमिनीवर बसली आणि तिनं बुटाची नाडी बांधायला घेतली. पूर्ण लक्ष नाडीत, जीभ किंचित बाहेर. त्या बाईनं कुठल्या तरी मुलाकडे तासन् तास पाहिलेलं असणार. त्याच्याही आधी, 1959 साली, सुधा करमरकरांनी मुंबईत लिटल थिएटर काढलं आणि मुलांच्या नाटकाला खरं नेपथ्य, खरी प्रकाशयोजना, खरी तिकीटविक्री मिळवून दिली. मुलांचं नाटक म्हणजे कसंही उरकायची गोष्ट, हा समज त्यांनी मोडला. आमच्याकडे प्रकाशयोजना म्हणजे मंडपवाल्याचे दोन हॅलोजन. पण 'उरकायचं नाही' एवढं तर पाळता येतं.

पावसाचा आवाज आम्हीच केला. मोबाईलवर मिळतो, सरांनी शोधलाही होता, पण तो शहरातला पाऊस वाटला, एकसारखा. एका आजीनं सूप दिलं, दुसरीनं पायलीभर ज्वारी. सुपात ज्वारी डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवली की लांबून पाऊस येतो आहे असं वाटतं. मग दहा मुलांनी तळहात एकमेकांवर चोळायचे, मग टिचक्या, मग मांड्यांवर थापा, शेवटी पत्र्याच्या डब्यावर मूठ मूठ ज्वारी. पाऊस थांबवतानाही याच क्रमानं उलट यायचं. यात गंमत अशी की प्रत्येकाला शेजारच्याचं ऐकावंच लागतं. कुणी एक जण आधी थापा मारायला लागला की ढगफुटी होते. पाऊसवाल्या मुलांनी आठ दिवसांत जे शिकून घेतलं ते मला वर्गात वर्षभरात शिकवता आलं नव्हतं. आपली पाळी नसतानाही ती कामात होती.

पहिलीतली चार मुलं झाडं झाली. एका मुलीचे आजोबा विचारायला आले, आमच्या नातीला बोलायचं काही नाही का? मी त्यांना तालमीला बसवून घेतलं. पाऊस सुरू झाला तशी त्यांची नात हातातली लिंबाची डहाळी आधी टोकाशी हलवायला लागली, मग सगळीच. पाऊस थांबल्यावर ती डहाळी अजून टिपटिप गळत राहिली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबा परत त्याबद्दल बोलले नाहीत, मात्र रोज ताजी डहाळी आणून द्यायला लागले.

आता त्या दुपारबद्दल लिहायचं आहे, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला घेतलं.

जानेवारीचा शेवट असेल. तालीम झाली, कावळा आत आला, चिमणीनं त्याला चुलीजवळ बसवलं. संपलं नाटक. तेवढ्यात दुसरीतलं एक पोरगं म्हणालं, "पन म्याडम, मेणाचं घर उन्हाळ्यात पघळंल की."

इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, सांगितली, पण माझ्या मनात हे कधी आलं नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही. मेणबत्ती कपाटात वाकडी होते हे मुलांनी पाहिलेलं. सगळे एकदम बोलायला लागले. पघळणारच. मग चिमणी कुठं जाईल? बाळ कडेवर घेऊन? कावळ्याकडं! कावळ्यानं तोवर नवं घर बांधलेलं असणार, शेणाचं. शेणानं सारवलेलं घर उन्हाळ्यात गार असतं, हेही त्यांना ठाऊक.

नाटकाला दुसरा अंक लागला तो असा. पण त्यात एक गाठ होती. चिमणी कावळ्याच्या दारात आली, दार उघड म्हणाली, तर कावळ्यानं काय करायचं?

त्यावर दोन दिवस भांडण झालं. अर्ध्या मुलांचं म्हणणं, त्यानंही 'थांब' म्हणावं. तिनं किती वेळ भिजवलं त्याला! थांब, मी पंख विंचरतो. थांब, मी चोच घासतो. अर्ध्यांचं म्हणणं, तिच्या कडेवर बाळ आहे, त्यानं लगेच उघडावं. एक मुलगी म्हणाली, चिमणी काही मुद्दाम थांबवत नव्हती, बाळाचं करावंच लागतं. मी मध्ये पडले नाही. पडायची फार इच्छा होत होती. क्षमा, उपकार, परतफेड असे सगळे शब्द जिभेवर आले होते, आणि मी ते बोलले असते तर सगळ्या मुलांनी मान डोलावून ते मान्य केले असते. मी सूप घेऊन ज्वारीतले खडे वेचत बसले.

कावळा या सगळ्यात गप्प होता. दुसऱ्या दिवशी, वाद पार तापला असताना, तो म्हणाला, "पन माझ्या घराला दारच नाही."

"कामून?"

"कोपीला कुठं दार असतंय? पोतं असतंय."

सगळी मुलं थांबली. त्यांतल्या निम्म्याअधिक मुलांचे आईबाप त्या घडीला कुठल्या ना कुठल्या कोपीत होते. कुणी काही बोललं नाही. उन्हाचा पट्टा व्हरांड्याच्या कडेला सरकला होता. मग चिमणीनं विचारलं, आणि हा तिचा खरा, कामाचा प्रश्न होता, "मंग मी 'दार उघड' कसं म्हणू?"

तिनं उभं राहून करून बघितलं. बाळ कडेवर, पदराचं टोक त्याच्या डोक्यावर. कावळ्याच्या घरासमोर आली. टकटक करायला हात उचलला, टकटक करायला काही नव्हतं, हात तसाच राहिला. मग तिनं मान जराशी आत घालून विचारलं, "येऊ का?"

"ये की," कावळा म्हणाला. "बाळालाबी आन."

ते वाक्य मी वहीत लिहिलं. त्या नाटकाचं वहीत लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

स्नेहसंमेलनाच्या चार दिवस आधी बाहेरगावचे एक पाहुणे शाळा बघायला आले होते. तालीम पाहून त्यांना आवडली, तरी जाताना म्हणाले, भाषा तेवढी शुद्ध करून घ्या. 'पघळंल', 'आन', 'बी' हे बरं दिसत नाही. मी मान हलवली, पण बदल केला नाही. प्रमाण मराठी मी वर्गात शिकवते आणि मनापासून शिकवते. ती या मुलांना आलीच पाहिजे, तिच्याशिवाय त्यांचं पुढे अडेल. पण 'येऊ का?'ला 'ये की' हेच उत्तर आहे. 'अवश्य ये' म्हणणारा कावळा आमच्या डोंगरात कुणी पाहिलेला नाही.

नाटकाची रात्र आली. शाळेपुढच्या मैदानात मंडप, पुढे सतरंज्या, मागे बाजा आणि खुर्च्या. म्हाताऱ्या बायका घोंगड्या पांघरून पुढेच बसल्या. तेलाच्या डब्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे खळीनं चिकटवून आम्ही चिमणीचं घर केलं होतं, त्याला आता खरं दार होतं, सुतळीच्या बिजागरीचं. माईक आम्ही स्टँडवरून काढून वर टांगला होता, म्हणजे कुणाला त्याच्याकडे तोंड करून बोलावं लागणार नाही. साउंडवाल्याला ते पटलं नव्हतं. मी विंगेत होते, रिकाम्या हातांनी.

सुपातली ज्वारी सरकली आणि पुढच्या बायका एकदम गप्प झाल्या. पाऊस वाढला, कावळ्याचं घर गेलं, तो भिजत दाराशी आला. पहिलं 'थांब' झालं, आंघोळ झाली. दुसरं झालं. तिसऱ्यांदा कावळा उठला, दार उघड म्हणाला, चिमणीनं "थांब, बाळाला काजळ घालू दे" म्हटलं आणि काजळाची डबी शोधायला लागली. डबी सापडेना. तालमीत ती नेहमी उजव्या हाताला असायची, घाईत कुणी तरी आत सरकवून ठेवली होती. चिमणी गुडघ्यांवर रांगत पुठ्ठ्यामागे शोधते आहे, बाहेर कावळा पंख डोक्यावर घेऊन बसलेला, पाऊस चालू. अर्धं मिनिट गेलं असेल. माझ्या घशापर्यंत शब्द आला होता, 'डबी राहू दे, पुढचं म्हण.' मी विंगेचा बांबू घट्ट धरला.

आणि पुढच्या रांगेतून एक आजी ओरडली, "अगं ए चिमणे, उघड की दार! लेकरू भिजायलंय कवाचं!"

सगळा मंडप हसला. चिमणीनं मान वर केली. आजीकडे थेट बघितलं आणि म्हणाली, "थांब ना आजी. डबी घावंना."

"पदराखाली बघ!" दुसरी आजी म्हणाली.

चिमणीनं पदराखाली पाहिलं. तिथे नव्हती, पण शेजारीच होती. तिनं ती उघडली, बोटावर काजळ घेतलं, एका डोळ्यात घातलं, दुसऱ्यात घातलं, मग उरलेलं गालावर तीट म्हणून लावलं. सावकाश. पाऊसवाल्या मुलांनी तोवर आपणहून पाऊस थोडा कमी केला होता, तिचं बोलणं ऐकू जावं म्हणून. मंडपात आता कुणी हसत नव्हतं. ती उठली आणि दार उघडलं.

हे असं प्रेक्षकांशी बोलणं तिला कुणी शिकवलं, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्या गावात दर वर्षी हरिनाम सप्ताह होतो, त्यात एका रात्री भारूड असतं. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी पैठणला नाथांनी रचलेली ती सोंगं अजून आमच्याकडे रंगतात. विंचू चावलेला माणूस पुढच्या बाईला विचारतो, मावशी, काय करू गं? आणि मावशी उत्तर देते. ही मुलगी आजीच्या मांडीवर बसून ते दर वर्षी बघत आलेली. नाटक असंच असतं, हे तिला माझ्या कितीतरी आधी ठाऊक होतं. स्टँडच्या माईकचं नाटक तिच्यासाठी मीच आणलं होतं.

दुसरा अंक नीट झाला. त्या रात्रीचा व्हिडिओ आम्ही फडावरच्या पालकांना पाठवला, पण रेंजमुळे बऱ्याच जणांना तो तुकड्यांत पोचला, काहींना पोचलाच नाही.

पाडव्याच्या आगेमागे कोयते परतायला लागले. मुलं म्हणाली, परत करू. शाळा तोवर सकाळची झाली होती. मंडप नाही, हॅलोजन नाही, माईक नाही. शाळेपुढच्या लिंबाखाली दहाच्या उन्हात आम्ही ते नाटक पुन्हा केलं. पुठ्ठ्याचं दार मधल्या काळात शेळीनं खाल्लं होतं, म्हणून परत खडूची रेघ. हंगामभर फडावर असलेली तीन मुलंही आली होती, त्यांना पाऊसवाल्यांनी आपल्यात बसवून घेतलं. समोर आईबाप बसलेले, काही आदल्याच दिवशी आलेले, हातांवर पाचटाचे चरे तसेच. कावळ्याची आई पुढेच होती, मांडीवर धाकटं मूल घेऊन.

दुसऱ्या अंकात ऊन खरंच लागत होतं. चिमणी बाळाला पदराखाली घेऊन आली. लिंबाच्या बुंध्याला आम्ही दोन कामट्या टेकवून त्यांवर एक पोतं सोडलं होतं, ते कावळ्याचं घर. ती समोर उभी राहिली. हात टकटक करायला उचलला, तसाच ठेवला, मान किंचित वाकवली.

"येऊ का?"

कावळ्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी त्याची आई बोलून गेली, "ये माय, ये. विचारतीस काय? आत ये, ऊन लागंल लेकराला."

कावळ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत तो थांबला. मग पोतं एका हातानं बाजूला धरलं आणि म्हणाला, "ये की. बाळालाबी आन."